जिन्यातला हिरवा पंजा

...आता मी अनुपला वरचा लेप द्यायला सांगितलं होतं की नाही, हेच मला नीट आठवत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला बघा. चौतीस वर्षं इथं झाशीत भौतिकशास्त्र शिकवलं, पीएच.डी. प्रकाशावर, आणि एका चामड्याच्या पर्सला तीन थर द्यायचे तर तिसरा विसरलो. की तो विसरला? सांगितलं असेल मी. नसेलही.

तुम्हाला सांगतो, मला काही हौस नव्हती. शारदा, म्हणजे आमची मंडळी, वीज गेली की जिन्यात उभी राहून पर्समध्ये किल्ली शोधत बसायची, पाच-पाच मिनिटं, आणि मी वरून विचारायचो, “सापडली का?” तर खालून उत्तर, “तुम्ही विचारलंत की लपते.” आता यावर काय बोलणार? म्हणून मी अंधारात चमकणारी पूड मागवली. दिवसा उजेड पिते, अंधारात हिरवी उजळते. पूड आणि पर्स घेऊन गेलो दतिया गेटला, अनुपकडे. हाताने पट्टे, पर्सा शिवतो, फार सफाईदार काम. त्याला समजावलं, आधी पांढरा थर, त्यावर पूड कालवलेला थर, तो वाळला की वर पारदर्शक लेप, नाहीतर पूड हाताला येते. म्हणजे, मला वाटतं समजावलं. तो म्हणतो, “मास्साब, ऊपर वारी बात तो आपने कही नईं हती. आप तो फोटॉन बता रये हते.” असेल हो. फोटॉनपाशी मी रमतो.

शारदा आणि आमची सून मुग्धा जाऊन पर्स घेऊन आल्या, आणि त्या संध्याकाळी वीज गेली तर... काय सांगू. पर्स चमकत होतीच, पण फ्रिजचं दार चमकत होतं, देव्हाऱ्याची कडी चमकत होती, मुग्धाचा कान चमकत होता. आणि लाडवांच्या डब्यावर माझी पाच बोटं, हिरवीगार. साखर कोणाला आहे? मला. शारदा शांतपणे म्हणाली, “जन्मभर प्रकाश शिकवलात, आता तोच साक्ष देतोय.” मी म्हटलं, अनुपला मी सांगितलं होतं. ती म्हणाली, “सांगितलं असेल. नसेलही.” हे वाक्य तिचंच बरं का, मी पुढे उचललं.

दिवाळीनंतर ती गेली. हृदय. दोन दिवसांत आटोपलं.

घर पुसलं गेलं, फ्रिज पुसला, डबा घासला. मग एका संध्याकाळी वीज गेली आणि जिन्याच्या वळणावर, भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, एक अख्खा पंजा. पाची बोटं पसरलेली. माझा भुतावर विश्वास नाही, पण तुम्हाला सांगतो, अशा वेळी विश्वासाला कोणी विचारत नाही. मी तिथेच पायरीवर बसलो. वीज आली, पंजा गेला. मी उठून दिवा मालवला. पंजा आला.

तेव्हापासून रोज झोपण्याआधी जिन्यात जायचं, दिवा मालवायचा, “झोपतो गं” म्हणायचं आणि परत यायचं. सहा वर्षं.

आमचा मंदार म्हणतो, बाबा, भिंतीला ओल आलीय, रंगवू या. मी म्हटलं, रंगव, तेवढा पंजा सोडून. रंगारी माझ्याकडे बघतच राहिला. “बाबूजी, हाथ छोड़ के पुताई नईं होत.” मग नको, म्हटलं. सहा दिवाळ्या नको म्हटलं. शेवटी मंदार चिडला, “बाबा, तुम्ही फिजिक्सवाले ना? हात ठेवून बघा एकदा. तुमचाच निघाला तर?” तर... तीच तर भीती. पर्स मीही हाताळली होती. जन्मभर पोरांना सांगितलं, आधी मोजा, मग बोला, आणि घरातली एक वीतभर गोष्ट मोजायला माझा हात उचलेना.

यंदा मोजली. दिवा मालवला, तळवा टेकवला. माझी बोटं अर्धा इंच बाहेर. माझा नव्हता. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच, “मुग्धा, ये, हा आईंचाच आहे.”

मुग्धा चहा घेऊन येत होती. तिने कप पायरीवर ठेवला, पंज्यावर आपला हात ठेवला. तंतोतंत.

“बाबा,” ती म्हणाली, “पर्स आणली त्या दिवशी आईंना जिना चढवेना. माझा एक हात त्यांच्या कमरेला, दुसरा भिंतीला. पर्स मीच धरलेली ना, सगळं हाताला लागलं होतं. इथं खूप वेळ थांबल्या. म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस, घाबरून जातील.”

म्हणजे सहा वर्षं मी सुनेच्या हाताला “झोपतो गं” म्हणत होतो, आणि ती बिचारी वरच्या खोलीतून ऐकत होती.

मंदारला म्हटलं, घे, रंगव आता. तो म्हणाला, आता मुग्धा नको म्हणते.

मी जुने कागद काढले. डॉक्टरांची चिठ्ठी सापडली, तारीख पर्स आणली त्याच दिवसाची. आधी दवाखाना, मग दतिया गेट. खाली लिहिलेलं, जिना चढू नये. हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. एवढं नक्की.