मामांचा सुधारलेला मेसेज

कन्नड मुलखाजवळच्या आमच्या वळसंगच्या मामांनी व्याह्यांना मेसेज पाठवला होता, ते माहितेय ना तुम्हाला? पोरीच्या लग्नात व्याह्यांनी जेवणाला नावं ठेवली, म्हणून मामा पेटले. त्यांनी लिहिलं, "पावणं, पुन्यांदा माझ्या दारात पाय ठिऊ नका." शुद्धलेखन चुकलं तर इज्जत जाईल, म्हणून फोनमध्ये नवीन आलेलं एआयचं 'सुधारा' बटण दाबलं आणि न वाचताच पाठवून दिलं.

रविवारी व्याही सहकुटुंब दारात हजर, हातात पेढे!

"तुमी हितं कशाला आलाव?" मामा ओरडले.

"तुमीच बोलावलंय की!" म्हणत व्याह्यांनी फोन पुढं केला. त्यावर लिहिलं होतं, 'आपल्या पुन्हा येण्याची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत.'

मामांनी मूळ मजकूर तोंडी ऐकवला. व्याही लालबुंद झाले, मग म्हणाले, "आपलं भांडण ऱ्हाऊ द्या. पण तुमचा राग बदलायचा त्या कंपनीला काय अधिकार?"

"व्हय की! लई माजलेत!"

मामींनी ताटं वाढली. दोघं जेवता जेवता कंपनीला कन्नडमधून शिव्या घालत होते, कारण ती भाषा फोनला कळत नाही अशी दोघांचीही खात्री होती.