रंगाचा एकच हात

पोलीस ठाणे, हार्लेम. दिनांक २१ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. जबाब सुरू सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे.

नाव: शैला दामोदर कर्णिक. वय: ६७ वर्षे. व्यवसाय: निवृत्त प्रयोगशाळा सहायक, पदार्थविज्ञान विभाग. कायम राहणार: विश्रामबाग, सांगली. सध्या मुक्काम: जावई आशुतोष नेर्लेकर यांच्या घरी, हार्लेम.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला डच येत नाही. इंग्रजी वाचता येते, बोलताना अडते. त्यामुळे पोलिसांनी फोनवर वैदेही नावाच्या दुभाषी बाई दिल्या आहेत. त्या माझे बोलणे मराठीत लिहून घेतात आणि डचमध्ये अधिकाऱ्यांना सांगतात. वकील हवा का असे मला विचारले. नको म्हणून मी सांगितले.

माझे पती हयात नाहीत. मला एकच मुलगी, मृण्मयी. वय ३४. ती लायडनच्या सायन्स पार्कमध्ये संशोधक होती आणि रोज हार्लेमहून ट्रेनने जात असे. ११ फेब्रुवारी रोजी, वार मंगळवार, तिने सुट्टी घेतली होती. दुपारी सायकलवरून घरी परतताना चौकात उजवीकडे वळणाऱ्या ट्रकखाली ती सापडली. त्याचे कागद तुमच्याच ठाण्यात आहेत, म्हणून मी अधिक सांगत नाही. मला व्हिसा वेळेत मिळाला नाही. मी अंत्यविधी सगळा मोबाईलवर पाहिला.

मी ३ सप्टेंबरला इथे आले. व्हिसा नव्वद दिवसांचा आहे.

ज्या दिव्यावरून तक्रार आहे तो मृण्मयीचा होता. दिवा डेन्मार्कचा, १९६०च्या सुमाराचा, जेवणाच्या टेबलावर टांगायचा. पत्र्याच्या तीन शेड एकीखाली एक बसवलेल्या आहेत. कुठल्याही खुर्चीवर बसले तरी बल्ब डोळ्यांत जात नाही, उजेड फक्त ताटावर पडतो. दोन वर्षांपूर्वी तिने तो लायडनच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतला आणि रजईत गुंडाळून ट्रेनमधून घरी आणला. कोणीतरी त्याला वरून हिरवा ऑइलपेंट फासला होता. तो खरवडायला तिला दोन महिने लागले. रोज संध्याकाळी ती मला व्हिडिओ कॉल करून दाखवत असे, आज एवढा निघाला, आज एवढा. सांगलीत तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असत. मी जागी राहत असे.

दिव्याचा उजेड तिला फार पांढरा वाटायचा. अशा काही जुन्या डॅनिश दिव्यांना आतून लाल रंग असतो, त्याने उजेड उबदार होतो, असे तिने वाचले होते. तिने मधली शेड आतून लाल रंगवायचे ठरवले. कोणता लाल, ते मी निवडले. तिने मोबाईलसमोर रंगाच्या नमुन्यांच्या सहा पट्ट्या धरल्या. मी डावीकडून दुसरी सांगितली, डाळिंबाच्या दाण्यासारखी.

मी आले तेव्हा टेबलावर नुसता बल्ब लोंबत होता. मी आशुतोषला विचारले, "दिवा कुठे गेला?" तो म्हणाला, "विकला, आई. जूनमध्ये. मला त्याच्याखाली जेवता येईना." मी म्हणाले, "मला विचारायचं तरी होतंस." तो उठून भांडी घासायला गेला. त्यानंतर आमच्यात त्या विषयावर बोलणे झाले नाही. खरे सांगायचे तर इतर विषयांवरही फारसे झाले नाही. तो सकाळी आठला ऑफिसला जातो. मी स्वयंपाक करून ठेवते. तो आल्यावर जेवतो आणि "छान झालंय" म्हणतो.

दिनांक ९ ऑक्टोबर रोजी संध्याकाळी साधारण पावणेसात वाजता मी फिरायला गेले असता, आमच्या घरापासून चौथ्या गल्लीत एका घराच्या दर्शनी खिडकीत मला तो दिवा दिसला. इथे लोक पडदे ओढत नाहीत. मी उजेडावरून ओळखला. तसा लाल दुसऱ्या कुठल्या खिडकीत नव्हता. मी समोरच्या फुटपाथवर एका सायकलीला धरून उभी राहिले.

त्यानंतर मी रोज गेले. साडेसहा ते सात. घरात एक वयस्कर गृहस्थ एकटेच राहतात. ते दिव्याखाली जेवतात आणि पेपर वाचतात. मी त्यांना काही त्रास दिला नाही. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहून हात हलवला. मीही हलवला. त्यांचे नाव रुलोफ बाकर आहे, ते जुने दिवे दुरुस्त करतात, हे मला आज इथे आल्यावर कळले. आशुतोषला मी यातले काहीच सांगितले नव्हते. त्याने मला जाऊ नका म्हटले असते.

आज मी लवकर गेले. घरात बसवत नव्हते. दुपारी साडेतीनच्या सुमारास तिथे पोहोचले तर खिडकीत दिवा नव्हता. घराचे दार उघडे होते आणि आतून रंग काढायच्या द्रावणाचा वास येत होता. प्रयोगशाळेत बत्तीस वर्षे काढली आहेत, तो वास मला गल्लीच्या तोंडापासून कळतो. बाकर टेबलाशी बसले होते. हातात पातळ पट्टी होती, पुढे मधली शेड उलटी ठेवलेली होती आणि ते आतला लाल रंग काढत होते.

मी दारावरची बेल वाजवली. त्यांनी मान वर केली, हसले आणि आत यायची खूण केली. मी "नो, नो" म्हणाले. "माय डॉटर" असेही म्हणाले. त्यांना वाटले मी कौतुक करते आहे. त्यांनी अंगठा दाखवला आणि पुन्हा पट्टी लावली. रंगाची एक साल सुटून कागदावर पडली.

त्यावर मी आत जाऊन शेड उचलली, शालीत गुंडाळली आणि बाहेर पडले. ते मागून सपातांवर धावत आले. मी थांबले नाही. मला ढकलले, ओरबाडले, असे काही झालेले नाही. वस्तू त्यांची आहे हे मला तेव्हाही माहीत होते. अधिकाऱ्यांनी विचारले, तुम्ही ती नेऊन काय करणार होतात? मी तेवढा विचार केला नव्हता.

मी स्पार्न नदीकाठी बाकावर बसले. शेड मांडीवर घेऊन पाहिली. वीतभर जागेवरचा रंग निघाला होता. राहिलेल्या रंगाखालून पांढरे दिसत होते, म्हणजे रंगाचा एकच हात दिलेला होता. मला याचे नवल वाटले. मृण्मयी काम अर्धवट सोडणारी नव्हती. शिवाय त्या दिवशी तिला सुट्टी होती आणि दुसरा हात दे, असे मी तिला स्वतः सांगितले होते. अपघाताच्या दिवशी सकाळीच आमचा कॉल झाला होता. ती म्हणाली होती, "आई, बघ ना, कसा दिसतोय?" मी म्हणाले होते, "पातळ बसलाय गं. मागचं पांढरं दिसतंय. दुसरा हात दे, मगच टांग." ती "बरं बाई" म्हणाली होती. आज साधारण सव्वाचार वाजता बाकापाशी पोलिसांची गाडी आली. मी आपण होऊन उठले आणि गाडीत बसले.

पाच वाजता आशुतोष ठाण्यात आला. त्याला माझ्या शेजारी बसवले. बाई अधिकाऱ्यांनी त्याला विचारले की, दिवा तुमच्या पत्नीचा होता, तर तिच्या आईला न कळवता तुम्ही तो का विकलात? आशुतोष डचमध्ये उत्तर देऊ लागला. मला कळू नये म्हणून, असे तो नंतर म्हणाला. टेबलावर फोन चालू आहे आणि त्यावर दुभाषी आहेत, हे त्याच्या ध्यानात राहिले नाही.

तो बराच वेळ बोलला. वैदेहीबाई सुरुवातीला वाक्यामागून वाक्य सांगत होत्या. मग त्या मध्येच थांबल्या. अधिकाऱ्यांनी त्यांना काहीतरी म्हटले. मग त्यांनी राहिलेले सांगितले, ते असे.

"त्या दुपारी ती रंगाचा डबा आणायला गेली होती. घरातला संपला होता. दुसरा हात द्यायचा होता, तिच्या आईने सांगितलं होतं. डबा तिच्या पिशवीत होता, फुटला नव्हता. आईंना मी एवढंच सांगितलं की ती दुकानात गेली होती. दिवा घरात राहिला असता तर आल्या आल्या आईंनी विचारलं असतं, रंग अर्धवट का आहे. त्यांच्या तोंडावर मला खोटं बोलता आलं नसतं."

फोनवरून वैदेहीबाई म्हणाल्या, "काकू, पाणी घेता का?" असे विचारणे त्यांच्या कामात बसत नाही, असे त्याच पुढे म्हणाल्या. मी पाणी घेतले.

मला सगळे कळले आहे, हे आशुतोषला तेव्हा समजले. तो खुर्चीवरून खाली माझ्या पायांशी बसला. तो मराठीत म्हणाला, "आई, तुम्ही सांगितलंत म्हणून ती गेली, असं नाही. तिला स्वतःलाच ते आवडलं नव्हतं. आदल्या रात्रीपासून म्हणत होती. तुम्ही काही बोलला नसतात तरी ती गेली असती." हे त्याचे म्हणणे आहे. मी ऐकले तसे लिहून घ्यायला सांगितले. ते मला पटले असे मी म्हणत नाही.

मी त्याला विचारले, "आठ महिने तू हे कोणाला सांगितलंस?" तो म्हणाला, "कुणाला सांगणार?" त्याचे आईवडील पुण्यात आहेत. त्यांनाही त्याने सांगितले नव्हते. तो रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून जेवत होता आणि छान झालंय म्हणत होता. मी त्याला दगड समजत होते. हेही लिहून घ्यावे.

साडेसहाला बाकर शेड ओळखायला आले. त्यांना सर्व सांगण्यात आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली. ते म्हणाले की, कोणा अडाण्याने चांगल्या दिव्याला रंग फासला असावा असे त्यांना वाटले होते. मूळचा दिवा आतून पांढरा असतो, म्हणून ते तो मूळ रूपात आणत होते. माहीत असते तर हात लावला नसता. त्यांची आता तक्रार नाही. दिवा आम्ही घेऊन जावा, त्यांना काही नको.

मी आशुतोषकडे पाहिले. त्याने नको म्हणून मान हलवली. मी बाकरांना सांगितले की दिवा त्यांच्याकडेच राहू दे. त्यांनी विचारले, उरलेल्या रंगाचे काय करू? मी शेड उलटी करून पुन्हा आतून पाहिली. ते म्हणाले, मग मी आहे तसाच ठेवतो. मी शेड त्यांच्या हातात दिली. ती देताना शालीचे दोन धागे रंगाला चिकटून गेले. द्रावणाने रंग मऊ झाला होता.

मी शेड परवानगीशिवाय नेली हे मला मान्य आहे. त्याबद्दल मी बाकरांची माफी मागितली आहे. आशुतोषवर माझा आरोप नाही. दिवा विकण्याचा त्याला हक्क होता. अधिकाऱ्यांनी विचारले, घरी कोणाबरोबर जाल? आशुतोष म्हणाला, "माझ्याबरोबर." तो बाहेर बाकावर थांबला आहे.

वरील जबाब वैदेहीबाईंनी मला फोनवरून मराठीत सावकाश वाचून दाखवला. मी चष्मा लावून छापील प्रतही पाहिली. तिला जोडलेल्या सारांशात एके ठिकाणी "जावयाने ही गोष्ट आठ महिने माझ्यापासून लपवून ठेवली" असे वाक्य आले होते. "माझ्यापासून लपवून ठेवली" हे शब्द माझे नाहीत. ते खोडून त्या जागी "एकट्याने सोसली" असे लिहायला मी सांगितले आणि दुरुस्तीपुढे माझी छोटी सही केली. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

जबाब संपला सायंकाळी ७ वाजून ५५ मिनिटे.

(सही) शैला दा. कर्णिक