आजचं नाक

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, आमच्या शाळेच्या मोठ्या बाई, सर्व शिक्षकवृंद, पालकमंडळी, जागा न मिळाल्यामुळे व्हरांड्यात उभे असलेले माजी विद्यार्थी, पुढे मांडी घालून बसलेली आणि आत्तापासूनच चुळबुळ करणारी माझी पोरंसोरं, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे हातपाय धुऊन इथे जमलो आहोत त्या आपल्या आरोग्याच्या बाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी या शाळेचा आचारी. माझं काम जेवू घालायचं, बोलायचं नाही. पण मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच बोला. त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडण तुमचं झालंय." आता भांडण हीच पात्रता धरली, तर माझ्याइतका लायक वक्ता या सभागृहात दुसरा सापडायचा नाही. भाषण मी लिहून आणलं होतं. ते चष्म्यासकट स्वयंपाकघरात राहिलंय. तेव्हा जे तोंडाला येईल ते गोड मानून घ्या.

पोरं बाईंना 'साबणबाई' म्हणतात. बाई, तुम्हाला हे माहीत नाही असं आम्ही सगळे आजवर धरून चाललो, आणि तुम्हीही माहीत नसल्यासारखं दाखवलंत, त्याबद्दल आभार. पण त्यांनी शिकवलं कसं, ते नव्या लोकांना सांगायला हवं. एकदा सकाळी त्यांनी चौथीतल्या एका पोराच्या तळहाताला खडूची निळी पूड चोळली आणि म्हणाल्या, "जा, रोजच्यासारखा खेळ." मधल्या सुट्टीपर्यंत ती निळाई दाराच्या कडीवर, पाण्याच्या पेल्यांवर, अर्ध्या वर्गाच्या डब्यांवर पोचली. आणि मोठ्या बाईंच्या गालावर! ती तिथवर कशी गेली, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. त्या दिवशी हात धुवा असं बाईंना कुणाला सांगावं लागलं नाही. नळापाशी रांग लागली.

दुसरी गोष्ट. मोठ्या मुली दुपारी सारख्या डोकं दुखतं म्हणायच्या. सगळे म्हणाले, अभ्यासाचा कंटाळा. बाई त्यांच्याजवळ बसल्या, विचारलं, तेव्हा कळलं की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. का? तर पाणी प्यायलं की संडासला जावं लागतं, आणि संडासच्या दाराला आतून कडी नाही. बाईंनी त्यावर भाषण केलं नाही. सुताराला हाताला धरून आणलं आणि तो कडी बसवेपर्यंत तिथेच स्टूल टाकून बसल्या. सुतार आज मागे बसलाय. अजूनही त्यांना घाबरून आहे.

आता माझ्याकडे येतो. रोज मधल्या सुट्टीच्या आधी बाई माझ्या स्वयंपाकघरात यायच्या. भांड्याचं झाकण काढून वास घ्यायच्या, मग चमचाभर खायच्या, आणि मगच अन्न बाहेर जायचं. जाता जाता माझी फडकी बघायच्या, कच्च्याची सुरी आणि शिजलेल्याची सुरी वेगळी आहे का बघायच्या. मी सांगतो, माझ्या अन्नाला कुणी असं नाक लावलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाप आचारी, आजा आचारी, आणि मला ही काल आलेली बाई शिकवणार? मी तोंडावर म्हणायचो, "बाई, तुम्ही नाकाने कांदे सोला, मी सुरीने सोलतो." त्या म्हणायच्या, "सोला, पण आधी सुरी धुवा." काय बोलणार अशा माणसाशी?

आणि मग काही वर्षांपूर्वी बाई तापाने आजारी पडल्या. बऱ्याच दिवसांनी कामावर आल्या. नेहमीसारख्या आत आल्या, झाकण काढलं, वाकल्या, "छान" म्हणाल्या, आणि फडक्यांवरून मला सुनवायला लागल्या. त्यांच्या पाठीमागे शेगडीवर दूध ठेवलं होतं, ते उतू जाऊन जळायला लागलं. करपट वास असा पसरला की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले. बाई आपल्या फडक्यांबद्दलच बोलतायत.

मी विचारलं, "बाई, वास येत नाही का तुम्हाला?"

त्यांनी वळून पाहिलं, पुढे होऊन शेगडी बंद केली आणि स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "नाही येत. ताप गेला, त्याच्याबरोबर तोही गेला. आता बहुतेक परत यायचा नाही."

"कुणाला माहीत आहे?"

"अजून कुणाला नाही. उद्या सांगणार."

मंडळी, विचार करा. इतकी वर्षं जिने मला नाकी नऊ आणले, तिचं वर्म आयतं माझ्या हातात आलं. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, "सुटलो एकदाचा!" ती ताट वाढत होती. म्हणाली, "तुम्ही सुटलात हो, पोरांचं काय?" आमच्या घरी असले प्रश्न नेमके जेवतानाच निघतात. मी ताट तसंच पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खरंच सांगितलं. तेही कचेरीत दार लावून नाही, तर सकाळी सगळी शाळा मैदानात उभी असताना. "मुलांनो, मला आता वास येत नाही. तुमच्या जेवणाचा वास घेणं हे माझं काम होतं. आजपासून ते तुम्ही करायचं. तुम्ही फक्त वास घ्यायचा. पहिला घास मात्र माझाच."

मोठ्या बाई इथेच बसल्या आहेत, त्यांच्या परवानगीने बोलतो. त्यांना काळजी पडली, आणि ती रास्त होती. उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार? त्या म्हणाल्या, "तुम्ही ग्रंथालय घ्या. शांत काम आहे." बाई म्हणाल्या, "सत्र संपेपर्यंत मला वेळ द्या. नाही जमलं, तर पुस्तकांवरची धूळ झाडीन." ज्यांनी बाईंना नळापाशी, संडासांच्या रांगेपाशी, माझ्या भांड्यांपाशी पाहिलंय, त्यांना कळेल की त्या काय पणाला लावत होत्या. ग्रंथालय वाईट नाही हो. पण माशाला शेल्फवर ठेवून कसं चालेल?

तर तेव्हापासून आपल्या शाळेत 'आजचं नाक' सुरू झालं. रोज एका वर्गातलं एक पोर, साबणाने हात धुऊन, गळ्यात निळी फीत घालून स्वयंपाकघरात येणार. वास घेणार आणि एकच शब्द बोलणार, "चालेल" किंवा "थांबा". मला तर पोरखेळ वाटला. शेंबड्या पोरांनी माझी परीक्षा घ्यायची! मी बाईंना म्हटलंसुद्धा, "आधी त्यांची नाकं पुसा."

मग आला नव्या भोजनगृहाच्या उद्घाटनाचा दिवस. पाहुणे आले होते, फोटोवाला आला होता. माझा भात आणि भाज्यांचा रस्सा इतका जमला होता की मीच माझ्या पाठीवर थाप मारली असती, हात पोचला असता तर. पाहुण्यांसमोर शोभा यावी म्हणून कुणीतरी वाढायच्या टेबलावर कोरं करकरीत, फुलाफुलांचं प्लॅस्टिकचं कापड अंथरलं. त्यावर माझी कढत भांडी मांडली. पाहुण्यांना आपली पद्धत दिसावी म्हणून त्या दिवशी नाकाचा कार्यक्रमही तिथेच, सगळ्यांसमोर ठेवला. त्या दिवशीचं नाक होतं दुसरीतली एक पोर, आवाजावरून जिला सगळे 'चिमणी' म्हणतात ती.

चिमणी वाकली. परत वाकली. आणि म्हणाली, "थांबा."

मोठ्या बाई पुढे आल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवून अगदी मायेने म्हणाल्या, "नीट बघ हं बाळा. काकांनी किती छान केलंय. येतोय का खरंच वास?"

चिमणीने मोठ्या बाईंकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा तेव्हा कसा असेल ते तुम्हीच ताडा. ती पुटपुटली, "नाही. नाही येत."

मी पळी उचलली. बाई मधे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पहिलं उत्तर धरायचं. दुसरं उत्तर तिचं नाही, आपलं आहे. भांडी उतरवा."

पाहुण्यांसमोर माझं नाक कापलं गेलं. रागाने मी भांड्याचे कान धरून ते उचललं, तर काय? फुलाफुलांचं कापड बुडाला चिकटून भांड्याबरोबर वर आलं! वितळलेल्या प्लॅस्टिकचा भपकारा सुटला. मी ओरडलो, "बघा! माझं अन्न चांगलं आहे! कापड जळतंय!" आणि अन्न चांगलंच होतं. भांडी आत नेली, दुसऱ्या पोराने वास घेऊन "चालेल" म्हटलं, बाईंनी चमचाभर खाल्लं, मग वाढलं. पण या सगळ्या गडबडीत उशीर झाला, आणि पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता. ते न जेवताच निघाले.

चिमणी भिंतीकडे तोंड करून रडत होती. सगळे बाईंकडे असे बघत होते, की झालं, यांचं इथलं संपलं. आणि या बाईंनी काय करावं? निघालेल्या पाहुण्यांना दारात थांबवलं! चिमणीला हाताला धरून मधे आणलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, "हिला वास आला, हिने सांगितलं. अन्न चांगलं निघालं याचा आपल्याला आनंद आहे. यात हिची चूक नाही. हिच्यासाठी टाळ्या वाजवा." पाहुण्यांनी वाजवल्या. पोरांनी तर छप्पर डोक्यावर घेतलं. मी नाही वाजवल्या. माझ्या हातात भांडं होतं, अशी मी सबब सांगतो.

संध्याकाळी मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारी बोलू." ग्रंथालयाची किल्ली टेबलावर काढून ठेवलेली मी स्वतः पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी धाकटी बहीण, जी माझ्याच हाताखाली काम करते, पदराशी चाळा करत उभी राहिली.

"दादा, रागावणार नसलास तर एक सांगू?"

"सांग."

"तेलाला खवट वास येतोय."

मी डब्यात नाक घातलं. मला काहीच येईना. म्हटलं, "तुझं आपलं काहीतरीच." ती हलेना. शेवटी मी बाहेर गेलो, नळावर तोंड धुतलं, मोकळ्या हवेत जरा उभा राहिलो आणि मग डबा बाहेर आणून हुंगला. खवट! पहाटेपासून वाफेत आणि फोडणीत उभा राहणारा माणूस, त्याला कसला वास कळणार?

मी विचारलं, "कधीपासून येतोय?"

"परवा हा डबा आला तेव्हापासून. काल जुन्यातलं वापरलं."

"मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुला कोण सांगणार, दादा? पण काल ती पोर चुकली तरी तिला टाळ्या मिळाल्या. म्हटलं, आज मीपण बोलून बघावं."

मी ते तेल टाकून दिलं. मंडळी, माझी सख्खी बहीण, माझ्या पाठीवरची, इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी राहून गप्प बसली होती. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

सोमवारी बाईंच्या आधी मीच मोठ्या बाईंच्या खोलीत शिरलो. म्हटलं, "वास येत नाही म्हणून बाईंना ग्रंथालयात पाठवत असाल, तर मलाही पाठवा. मलाही येत नाही." मोठ्या बाई आधी हसल्या. मग मी तेलाची गोष्ट सांगितली, तेव्हा हसायच्या थांबल्या. ती किल्ली त्यांनी खणात ठेवली. पुढे ग्रंथालयाला ग्रंथपाल मिळाले, फार चांगले मिळाले, ते बघा तिकडे हात वर करतायत. आणि बाई आमच्या नळापाशी, आमच्या भांड्यांपाशी राहिल्या, ते थेट आजच्या दिवसापर्यंत.

बाई, आमचं भांडण नंतरही चालूच राहिलं. परवाच तुम्ही माझ्या फडक्यांना नावं ठेवलीत. पण उद्यापासून कुणी नावं ठेवणार नाही, हे आज सकाळी फडकी उकळताना मनात आलं आणि मी तीच फडकी पुन्हा उकळायला टाकली. बहीण म्हणाली, "दादा, धूर गेला का डोळ्यांत?" आमच्याकडे आता गॅस आहे. धूर कुठला?

आता थोडं जेवणाविषयी. बाईंना वासाबरोबर निम्मी चवही गेली, पण गोड अजून कळतं. म्हणून मी आज पहाटेच दूध आटवायला घेतलं. बदाम घातले, केशर घातलं, सगळी कला पणाला लावली. या समारंभाच्या आधी आजचं नाक आत आलं. पहिलीतला पोरगा, गळ्यात निळी फीत लोंबतेय. भाताला म्हणाला, "चालेल." भाजीला म्हणाला, "चालेल." आणि माझ्या दुधावर वाकून म्हणाला, "थांबा."

मी त्याला मायेने काही विचारलं नाही. पहिलं उत्तर धरलं.

खरं सांगू? मला अजूनही वाटतं, ते दूध चांगलं होतं. त्याला कदाचित केशराचाच वास नवा असेल. पण आम्ही ते वाढणार नाही. आणि तो पोरगा पुढच्याच रांगेत बसलाय, तर आधी त्याच्यासाठी टाळ्या होऊ द्या. जोरात! या वेळी माझेही हात रिकामे आहेत.

अध्यक्षमहोदय, आपण मला बोलू दिलंत, सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आपला सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर अडाणी आचारी म्हणून पोटात घाला. फक्त एका उणिवेची मी माफी मागणार नाही. जेवायला बसाल तेव्हा प्रत्येक ताटात एक रिकामी वाटी दिसेल. वाढपी विसरला असं समजू नका. ती मीच मांडायला सांगितली आहे.

बाई, तो तुमचा सत्कार आहे.