आधी सांगा, ही ओळ काय करते

मी मूळची कर्जतकडच्या कळंबची, आईबाप भातशेतीवाले, आणि काय सांगू तुमाला, आमच्या घरात फुकट म्हटलं की मानूस दोन पावलं मागंच सरतो. जमिनीचे दलाल आले ते पेढे घेऊन आले, बापाला गाडीतनं फिरवून आणलं, आणि बाप म्हणाला कागद जरा वाचून दाखवा, तर फुगून बसले, काका, इश्वास नाय का आमच्यावर. बाप वरमला, अंगठा दिला. शेत गेलं, आता तितं रिसॉर्ट हाय, आणि त्याच रिसॉर्टच्या बागेला बाप पानी घालायचा.

लगीन करून चौक गावाला आले, हायवेला झेरॉक्स-टायपिंगचं दुकान टाकलं. लोकांचे सातबारे, आधार, पोरांचे दाखले, सगळे माझ्या कंप्युटरात. तो झाला जुना, चालू करून मी चहा ठेवायची, चहा पिऊन व्हायचा तरी हा आपला गोल फिरतोय. सुनंदाताई म्हणून एक गिऱ्हाईक, साजगावच्या कारखान्यात ऑफिसात हाय, ती म्हणाली मी कंप्युटर चालवनारी दुसरी सिस्टीम, लिनक्स, टाकून देते, फुकट हाय, लोकांनी मिळून बनवलंय, आत काय लिवलंय ते कुनालाबी बघता येतं. मी म्हटलं, मग तुला काय मिळतं गं? काय नाय, म्हणाली. तवा तर मला जास्तच संशय आला.

तरी टाकू दिलं, आणि मशीन पळायला लागलं, ते खोटं नाय बोलनार. पन लोकांचे कागद कुनी वढून नेतील म्हणून मी नेटची वायर काढूनच ठेवायची. सुनंदाताईनं फोनवर लिनक्स वापरनाऱ्यांच्या ग्रुपात घातलं, तितं एकानं विचारायचं आणि अनोळखी मानसांनी धडाधड सांगायचं, फुकटच. मी नुसती वाचायची, ह्यांना काय पायजे ते शोधायची.

मग एकदा दाखल्यांची गर्दी, आणि प्रिंटर बंद. ग्रुपात टाकलं. लगेच एकजन म्हणतो, टर्मिनल उघडा, म्हंजे ती कंप्युटरला हुकूम लिवायची काळी खिडकी, ही ओळ जशीच्या तशी टाईप करा, एंटर मारा. फोनात बघून ओळ टाईप केली, गिऱ्हाईकं डोक्यावर, बोट एंटरवर, आणि बाप आठवला. लिवलं, दादा, आधी सांगा, ही ओळ काय करते. तो म्हणतो, विश्वास नाही तर विचारता कशाला?

मी एंटरवरनं बोट काढलं. पेढेवाले असंच बोलले होते ना.

तेवढ्यात कर्जतचे एक रिटायर मास्तर, ग्रुप तेच सांभाळतात, त्यांनी लिवलं, ताई, हात लावू नका, ती ओळ तुमच्या सगळ्या फायली पुसून टाकेल. त्या मानसाला हाकललं. आख्ख्या गावाचे कागद होते हो त्यात. मग मास्तरांनी सांगितलं, प्रिंटर नुसता थांबवून ठेवलेला दिसतोय, सेटिंगमधी जाऊन परत चालू करा. ह्यानं काय होनार, त्यानं काय होनार, मी किती खोदून विचारलं, पन ते चिडले नायत. प्रिंटर सुरू झाला, तर म्हणाले, असंच विचारत जा.

आता वायर लावलेलीच असते. कागदांची कॉपी मातर वेगळी काढून ठेवते, संशय काय माझा जायचा नाय. ग्रुपात आता मीबी सांगते. परवा नवीन एकीनं मलाच विचारलं, ताई, एवढं सांगता, तुम्हाला काय मिळतं? लई बरं वाटलं मला. लिवलं, विचार गं बाय, लागंल तेवढं विचार. माझ्या बापाला येवढंच कुनीतरी म्हनायला पायजे होतं.