दारात आज तोतुया

तोतुया : दार सताड उघडं का ठेवलंत, एजे?

बुरूलकान : बंद दिसलं तर म्हणतील, बायका घाबरल्या. तू घरी जा. बाकीच्यांनाही मी येऊ नका म्हणून कळवलंय.

तोतुया : कळलं, म्हणूनच आले. ते कधी येणार?

बुरूलकान : दुपारची नमाज झाली की. म्हणतात, सेझिम आमची सून, तिला परत द्या. पोरीला वाटेतून उचलून नेलं, ती पळून आपल्या आसऱ्याला आली, आणि सून म्हणे! बोलेन मी त्यांच्याशी. इतकी वर्षं मीच बोलतेय.

तोतुया : आणि परवा पुलावर?

बुरूलकान : ते काढू नकोस.

तोतुया : त्यांनी जीप आडवी घातली, आपल्या गाडीच्या काचांवर मुठी आपटल्या. तुमच्या तोंडून शब्द फुटेना. स्टिअरिंगवरची तुमची बोटं मी एकेक करून सोडवली.

बुरूलकान : कुणाला बोललीस?

तोतुया : सगळ्याजणींना.

बुरूलकान : झालं. आता या घरात एजे, थोरली ताई म्हणून कोण विचारणार मला?

तोतुया : एजे, लोकरीचा नमदा लोटताना काय करतो आपण? एकीचे हात भरून आले की ती बाजूला होते, दुसरी तिच्या जागी बसते. कुणी विचारतं का, का उठलीस म्हणून?

बुरूलकान : लोकर वेगळी. हे लोक घर पेटवतील. मला काही झालं तर निदान एकटीलाच होईल.

तोतुया : रात्री झोपता का?

बुरूलकान : कुठलीही गाडी वाजली की छातीत धडधडतं. श्वासच पुरत नाही.

तोतुया : बसा इथे. इथे आलेल्या प्रत्येक बाईची भीती उतरवलीत. स्वतः कधी बसलात वाटीखाली?

बुरूलकान : आत्ता? ते येतील गं.

तोतुया : येऊ देत. डोळे मिटा.

(बुरूलकानच्या डोक्यावर धरलेल्या गार पाण्याच्या वाटीत तोतुया वितळलेली चरबी ओतते.)

बुरूलकान : माझ्या भीतीचा काय आकार आलाय?

तोतुया : मला चरबीच दिसतेय. आकार सैरा आपाच वाचू जाणे. ती अंगणात आलीय, बाकीच्याही आल्यात. सगळ्या तुमचं न ऐकून.

बुरूलकान : तोतुया... जीप.

तोतुया : ऐकू आली. तुम्ही आत सेझिमपाशी जा.

बुरूलकान : तूही घाबरलीयस.

तोतुया : असू दे. दारात आज मी.

सेझिम : एजे, तुम्ही आत? मग बाहेर कोण आहे?

बुरूलकान : तोतुया. आवाज करू नकोस. माझ्याजवळ ये.

तोतुया : तिथेच थांबा, भाऊ. मुलगी येणार नाही, तिनेच सांगितलंय. बुरूलकान एजे? त्या विसावा घेताहेत. माझ्याशी बोला. मी दमले की जुउरा बोलेल, ती दमली की सैरा आपा. आमच्याकडे पुष्कळ वेळ आहे.

सेझिम : मला घेऊन जातील?

बुरूलकान : माहीत नाही, बाळ. खोटं कशाला सांगू?

सेझिम : तुम्हालाही भीती वाटते?

बुरूलकान : फार.

सेझिम : सगळ्या फाटकाकडे चालल्यात... एजे, जीप वळतेय.

बुरूलकान : नीट बघ.

सेझिम : वळली. पूल ओलांडला तिने.

बुरूलकान : उद्या परत येतील.

सेझिम : मग उद्या तुम्ही बोलाल?

बुरूलकान : उद्या जुउरा. सरक जरा, मला पडू दे.