वळणावरची व्हॅन

—हो हो, माहीत आहे मला, तुम्ही गल्ली मोजायला आलात, दात दाखवायला नाही. पण आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी तुम्हाला हाताला धरून आत आणलं तेव्हा गाल हा असा टम्म, आणि तो गाल घेऊन तुम्ही कुणाचं काय मोजणार होतात? बसा. मागे टेका. फीत द्या इकडे, कुठे पळून जात नाही ती. आता मोठा आ करा—अजून—अहो, दातांच्या डॉक्टरसमोर लाजून कसं चालेल? अरे देवा. ही दाढ किती दिवस अंगावर काढलीत? नका सांगू, कळलं. सरकारी माणूस तुम्ही, फाइलसारखी दाढसुद्धा आज-उद्या, आज-उद्या करत पुढे ढकलत बसलात. वाचेल, घाबरू नका. आज आत साफ करते, औषध भरते, पुढच्या वेळी बाकीचं. भूल देतेय हं—जरा टोचेल—झालं! आता ओठ जड होईल, आणि मग तुम्हाला बोलता येणार नाही. मला येईल.

काय? काहीतरी सांगायचंय? नंतर सांगा. दुखलं तर डावा हात वर करा, बाकी सगळं नंतर. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करते साहेब, दाढ मी नीटच करणार. समोरच्या सुताराचं दुकान तुम्ही ठेवा नाहीतर उठवा, दाढेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. नाहीतर उद्या ऑफिसात म्हणाल, बाईने खुर्चीत अडकवून गळ घातली. गळ नाही, मी नुसतं सांगतेय. तुमच्याकडच्या अर्जात काय लिहिलंय ते मला तोंडपाठ आहे—राहत्या वस्तीत कारखाना, रस्त्यात फळ्या, वळणावर कायमची उभी व्हॅन—तोंडपाठ असायला काय झालं, अर्ज आमच्या रहिवासी मंडळाचा आणि मंडळाची चिटणीस मीच. सही अध्यक्षांची. मी त्या मीटिंगला विरोधात हात वर केला होता. एकटीने. का म्हणजे? असंच. मला त्या करवतीचा त्रास होत नव्हता. माझं हे यंत्र दिवसभर किरकिरतं, मी कुठल्या तोंडाने दुसऱ्याच्या करवतीला नावं ठेवू?

आता ही नळी तोंडात राहू द्या, ती पाणी ओढते. हं. तर आमची गल्ली तुम्ही पाहिलीतच. दोन मोठे रस्ते, मध्ये सिग्नल, आणि सिग्नल चुकवायचा असेल तर आम्ही आहोतच. जो तो आत घुसतो आणि सुसाट. मध्ये हे वळण, वळणावर माझा दवाखाना, वरती आमचं घर, बाबा आणि मी. समोरून काय येतंय ते वळल्याशिवाय दिसत नाही, आणि वळल्यावर दिसून उपयोग नाही. एक गतिरोधक द्या म्हणून आम्ही किती वर्षं तुमच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या! घोंगडं भिजत ते भिजतच. आणि अशात समोरचा तळमजला सुताराने घेतला. सकाळ झाली की करवत, भुसा, रंधा, आणि ती पांढरी व्हॅन बरोब्बर वळणावर. अध्यक्षांचा तिळपापड. ते बँकेतून निवृत्त झालेत ना, इतर लोक निवृत्त झाल्यावर बाग करतात, हे नियम करतात. रोज पाणी घालतात नियमांना.

दुखतंय? नाही ना? मग हात कशाला हलवताय? खाली. मीटिंग भरली अध्यक्षांच्या दिवाणखान्यात. एक म्हणतो भुसा आमच्या पडद्यांवर बसतो, दुसरा म्हणतो गाडी बाहेर काढता येत नाही, तिसऱ्याचं काहीच नव्हतं, पण त्यालाही वाटलं आपण मागे का राहायचं. सुतारांना बोलावलं होतं. ते दाराशीच उभे राहिले, केसांत भुसा, बसा म्हटलं तर म्हणाले, तुमचा सोफा खराब होईल. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हॅन कुठे लावू तेवढं सांगा, तिथे लावतो." कुणाला सांगता येईना! तरी अर्ज गेलाच. आणि तो अर्ज तुमच्याकडे पोचायच्या आधीच त्यांनी आपणहून व्हॅन पार मैदानापलीकडे न्यायला सुरुवात केली. तिथून फळ्या खांद्यावर घेऊन यायचे. मी इथून बघायचे—म्हणजे, ही खुर्ची खिडकीसमोर आहे, बघणार नाही तर काय करणार?

गल्ली खूश. रस्ता कसा मोकळा झाला, ऐसपैस! आणि मोकळा झाला तशा गाड्या उडायला लागल्या. आधी त्या व्हॅनमुळे सगळ्यांना वळणावर थांबावं लागायचं, तू आधी की मी आधी करावं लागायचं, शिव्या द्यायला का होईना, एकमेकांचं तोंड बघावं लागायचं. व्हॅन गेली आणि ते सगळं गेलं. पण हे कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याच नाही. माझ्या नाही, अध्यक्षांच्या नाही, सुतारांच्या तर नाहीच नाही, ते बिचारे फळ्या वाहण्यात. आम्ही आपले पुन्हा मीटिंगा घ्यायला मोकळे, हल्ली गाड्या फार जोरात जातात म्हणून.

जरा आवाज येईल आता, ड्रिल लावतेय. डोळे मिटले तरी चालतील.

झालं. एवढंच. बघा, उगाच खुर्चीचा हात धरून बसला होतात. तर बाबा. माझे बाबा सकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात, रोज, काठी टेकत, कानाला ऐकू कमी. त्या दिवशी मी खाली उपकरणं उकळत ठेवली होती आणि बाहेर ब्रेक किंचाळला. तेवढाच आवाज. मी बाहेर धावले तर काठी एकीकडे, बाबा एकीकडे, आणि तो टेंपो भिंतीला टेकून उभा. पाय विचित्र वळला होता. साहेब, मी डॉक्टर आहे. दातांची का असेना, डॉक्टर आहे, रोज रक्त बघते. आणि मी नुसती उभी राहिले. तेवढ्यात समोरून तो पळत आला, अर्धवट झालेला दरवाजा घेऊन—हो, दरवाजा, कुणाच्यातरी घरचा, कड्या-बिजागऱ्या लागायच्या होत्या—तो खाली ठेवला, बाबांना अलगद त्यावर घेतलं. एक कोपरा त्याने धरला, एक त्या टेंपोवाल्याने, एक रस्त्यावरच्या कुणीतरी, आणि चौथा कोपरा कुणी धरला सांगा? अध्यक्षांनी! नाइटड्रेसमध्ये, अनवाणी. मी पाचवी, मला धरायला कोपराच नाही. तर मला म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही बाबांचा हात धरा, बाकी आम्ही उचलतो." धरला मी. इस्पितळात पोचेपर्यंत सोडला नाही.

तुम्ही भुवया का वर केल्यात? काय चुकलं? तो म्हणाला—ते म्हणाले. ते. घाईत बोलताना होतं असं. तोंड उघडं ठेवा.

बाबा बरे आहेत हो आता, पायात सळई आहे, पण चालतात. त्यांना घरी आणलं त्या संध्याकाळी अध्यक्ष आणि अध्यक्षीणबाई आमच्याकडे सूप घेऊन आले आणि बाई सहज म्हणाल्या, "ती मेली व्हॅन होती तेव्हा बरं होतं, निदान गाड्या थांबायच्या." बस्! अध्यक्ष कप खाली ठेवून उठलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर व्हॅनच्या जागी अध्यक्षांची स्वतःची गाडी! कोरी, कव्हर घालून ठेवायचे ती. आरसा उडाला, बसवला, पुन्हा उडाला, पुन्हा बसवला. मग मीटिंग. त्याच दिवाणखान्यात, तीच माणसं, आणि ठराव काय तर सुतारांनी कृपा करून व्हॅन परत वळणावर लावावी! ते दाराशीच उभे. म्हणाले, लावतो, पण तुमचा तो अर्ज? अध्यक्ष म्हणाले, आत्ता जाऊन मागे घेतो. गेले. तुमच्या खिडकीवरच्या माणसाने काय सांगितलं माहितेय? म्हणे इथे आलेला अर्ज मागे जात नाही, पुढेच जातो. आणि तो पुढे जात जात आज तुमच्या रूपाने आला. म्हणजे बघा, गतिरोधक मागितला तेव्हा कुणी फिरकलं नाही, आणि आम्हाला जे नकोय त्याला मात्र तुम्ही फीत घेऊन हजर!

रागवू नका. तुमचा काय दोष? चूळ भरा. डाव्या बाजूने. हनुवटीवर सांडेल, कळणार नाही तुम्हाला—हा घ्या कागद.

आता औषध भरते. हे कडू लागेल. नाही, मी म्हणत होते, माणूस वाईट नाही हो. बाबांसाठी न्हाणीघरात कठडा करून दिला, त्यांच्या हाताच्या उंचीचा, मागितला नव्हता आम्ही. मग बाबांशी बुद्धिबळ खेळायला येऊ लागला. बाबांना दिवसभर एका जागी बसून वीट आला होता ना. बाबा हरायला लागले की त्यांना झोप येते. आणि अर्धा पट तसाच कसा टाकायचा? मग मी बसते बाबांच्या जागी. मला घोडा कसा चालतो तेसुद्धा धड येत नाही. तो सांगतच नाही, नुसता हसतो. म्हणतो, डॉक्टर, तुमचा घोडा आहे, तुम्हाला वाटेल तसा चालवा. पन्नाशी उलटली आमची दोघांची, आणि बसलोय असे, घोडा तिरका की सरळ—

काय? नीट बोला, ओठ लागतोय मध्ये. "तुमचे कोण?" माझे कोणी नाहीत! समोरचे आहेत. शेजारी. मंडळाचे सभासद. हे बघा, हसू नका, सिमेंट ओलं आहे.

विचारलंय त्याने. आता तुम्ही खोदून विचारताच आहात तर—नाही विचारत? बरं, नका विचारू. विचारलंय. पटावर सोंगट्या मांडता मांडता, वर न बघता. मी म्हटलं, आधी ते रस्त्याचे साहेब येऊन जाऊ देत, मग सांगते. तसंच आहे ना पण? आज हो म्हटलं तर गल्ली म्हणणार, बाईने घरच्या माणसासाठी अख्खं मंडळ राबवलं. आणि तुम्ही दुकान उठवल्यावर हो म्हटलं तर तो म्हणणार, कीव आली म्हणून हो म्हणते. सगळं तुमच्यावर येऊन अडलंय, साहेब. माझी काही हरकत नव्हती. म्हणजे हरकत नव्हती असं नाही, भीती होती. चाळीशीत आलेली स्थळं बाबांचं निमित्त सांगून परत पाठवली, आता बाबाच रोज विचारतात, आज तो आला नाही का? आणि मी म्हणते, थांबा हो बाबा, साहेब येऊन जाऊ देत. साहेब, साहेब, साहेब—तुमचं नावही माहीत नव्हतं तेव्हापासून मी तुमच्या आड लपलेय.

चावा. दात कटकट वाजवा. पुन्हा चावा. उंच लागतंय का? नाही? मग काय सांगताय मघापासून हात करून करून? थांबा, नळी काढते. बोला. सावकाश.

व्हॅन... हं. व्हॅनची जागा? आखायला? पांढऱ्या पट्ट्याने? ...पण अर्ज? तो केव्हाच निकाली काढलात? तळमजल्यावर लहानसं दुकान चालतं, नियमातच आहे? ...म्हणजे दुकान राहणार. आणि व्हॅनही तिथेच, तुमच्याच पट्ट्यात. आणि गतिरोधकसुद्धा, वळणाच्या दोन्ही अंगांना? आज तेवढ्यासाठीच मोजायला आला होतात? मग आल्या आल्या सांगायचं नाही का तुम्ही!

हो. मीच बोलू दिलं नाही.

दुकान राहणार, अगदी नक्की? पुन्हा एकदा सांगा. पुढे जाऊन काही बदलणार नाही ना?

नाही बदलणार. बरं.

उठा, साहेब. झालं तुमचं. ओठ जागा होईपर्यंत काही खाऊ नका, चावलात तर रक्त काढाल. पुढच्या आठवड्यात या. ही तुमची फीत. नाही नाही, बाहेर कुणी पेशंट नाही, मलाच जरा जायचंय. इथेच, समोर. हे हातमोजे कुठे ठेवू—असू देत. तुम्ही बसा हवं तर घटकाभर, आणि जाताना दार तेवढं ओढून घ्या.