डब्यातला व्हिडिओ गेम

"हॅलो? … हां दिपे, बोल. … जागाच हाय म्या. … झालंय म्हण की. झालंच हाय जवळजवळ."

झालं काहीच नव्हतं. उत्रोलीच्या घरात, ओट्यावर बसलेल्या अमृतच्या मांडीवर जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा उघडा पडला होता, आणि त्यात लहानपणीच्या टीव्ही गेमचं करवतीनं कापून लहान केलेलं सर्किट. भोरच्या स्टँडपाशी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा हा पठ्ठ्या महिनाभर एकाच कामाला जुंपलेला. टीव्हीला जोडायचा तो गेम धाकट्या बहिणीच्या हातात मावेल असा करायचा. दिपाली गुंजवण्याला दिलेली. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिस. चार चार तास घड्याळाकडे बघत पडून राहायला ती इतकी कंटाळली, की गुरुवारी गेलीच नाही. गेम दे, मग जाते, असं तिनं भावाला बजावलं होतं.

"अगं ऐक ना… सगळी बटणं डावीकडं घेतल्यात. … व्हय, उजव्या हातात सुया असत्यात, म्हाईत हाय की मला. … पडदा? गाडीच्या मागच्या कॅमेऱ्याचा बारका असतो ना, तो बसवलाय. … मोबाईलवर घड्याळ दिसतं म्हणूनच केलं ना हे! … तू आधी जीपमधी बस. दाजी तिथंच हायत ना? मग?

पाय किती सुजलेत? … अन् धाप? … रातभर बसून काढलीस? … दिपे, गुरुवार चुकवलास तू. आज बी चुकवलास तर… बरं, न्हाई बोलत. न्हाई बोलत म्या.

काय? वाजवून दाखवू? आत्ता? … अगं चार्जिंगला… बरं बरं, थांब. ठेवू नको."

त्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. डब्यातून नुसता नारळाच्या पाण्याचा आंबूस वास येत होता. मग या बत्तीस वर्षांच्या बाप्यानं काय करावं? फोन तोंडाशी धरला आणि गेम सुरू होताना वाजायची ती धून तोंडानंच वाजवली.

"टिडी टिंग… टिडी टिडी टिंग… ऐकलंस? … तोंडानं कुठं? स्पीकर बारका हाय म्हणून तसं… हसू नको ग. … आईची शपथ नको घालू, दिपे. …

न्हाई. न्हाई चालत. … मेला तो.

काल खंडेनवमी न्हवती का? म्या दुकानात. आईनं विळा, खुरपं, कोयता, माझी सोल्डरिंग गन, समदं पाटावर मांडलं. अन् मधोमध हा डबा. … व्हय, झाकण काढून! आत हळदकुंकू, झेंडू. नारळ फोडला, पाणी शिंपडलं. सेल जोडलेलं होतं ग आत. … जळालं समदं. … तीनदा धुतलं, वाळवलं. … दुसरा मिळंल कुठं तरी, पर आज न्हाई ना मिळणार!"

त्याच्या आईनं, कमळाबाईनं, पहिली हळद विळ्याला लावली नव्हती, या डब्याला लावली होती. लेकीचा जीव यावर आहे एवढंच तिला कळलं होतं, आणि जे कळलं त्याची तिनं मनापासून पूजा केली होती.

"आई? … हाय की. … गोठ्यात. … पहाटेपासनं तिथंच. … न्हाई, चूल न्हाई पेटली. … म्या? म्या काय बोलणार? … अगं रागात माणूस… म्हणलो… दिपी गेली तर तुझ्या हातानं गेली. … म्हणलो ग, म्हणलो! … दे शिव्या. दे अजून. … रडू नको, धाप लागंल. …

हॅलो? … दाजी? ती कुठं गेली? … दार लावून घेतलं? … दाजी, पाया पडतो, उचलून घाला तिला गाडीत. … व्हय… व्हय, जबरदस्तीनं न्हाई नेता येत, कळतंय मला. …"

काय कळत होतं त्याला, कपाळ? बहीण दाराआड आणि आई गोठ्यात, आणि दोघींना आपणच तिथं नेऊन बसवलं, एवढं मात्र कळत होतं.

"हॅलो? दिपे! … हां, बोल. … परत म्हण. … आईच्या माथी दोष ठेवून न्हाई मरणार? असलं बोलू नको ग. … आईला घेऊन येऊ? वाटंत, नसरापूर फाट्यावर? चार तास ती बसंल तुझ्यापाशी, बसंल की, का न्हाई बसणार! … तिच्याशी तूच बोल. माझं ती ऐकायची न्हाई. थांब, जातो गोठ्यात. …

आई, दिपी हाय. घे. … आई, घे ना. … म्या चुकलो ग."

कमळाबाईनं मान वर केली नाही. त्यानंच फोन तिच्या कानाला लावला आणि धरून उभा राहिला. ती बराच वेळ ऐकत होती. मग पदरानं तोंड पुसून उठली आणि चपला शोधायला लागली.

"दिपे, उठली ग आई! निघतोच आमी. … काय? मोठ्यानं बोल. … मागं आवाज कसला येतोय? … तू कुठं हायस? … दिपे? हॅलो? हॅलो?"

फोन कटला. दिपालीच्या घरात रेंज भरपूर असते. रेंज जाते ती गावाबाहेरच्या वळणावर, जीप चढाला लागली की.

अमृतनं पुन्हा नंबर लावला. लागला नाही. त्यानं तिसऱ्यांदा लावला, आणि तो लागू नये म्हणून डोळे मिटून भैरवनाथाला हात जोडले.